धाकटं इस्काप

कालव्यावर नोकरी केलेल्या माणसाला लोक हमखास एकच विचारतात, काय हो, एवढ्या पाण्याची भीती नाही वाटायची? या अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं आणि वर ‘जरा गमतीजमतीही येऊ द्या’ अशी पुस्ती जोडली. गमती आहेत, त्यांना तोटा नाही. पण खरं सांगायचं तर मला पाण्यापेक्षा घंटेची भीती वाटायची, टेलिफोनच्या घंटेची. मी मुळात भित्रा माणूस. घरात पाल चुकचुकली तरी दचकणारा. अशा माणसाला खात्यानं नेमकं घंटेच्या खाली बसवलं, यालाच नशीब म्हणायचं.

आमचा कालवा बारामतीकडून इंदापूरकडं जातो. एकोणीसशेतीसच्या त्या दशकात त्याच्या काठाकाठानं खांब होते आणि खांबांवरून खात्याची स्वतःची तार होती. चौकीचौकीवर एकेक टेलिफोन आणि त्याच्यापुढं माझ्यासारखा एकेक कारकून, लोकांच्या तोंडी ‘मास्तर’. लोकांना वाटायचं मास्तर दिवसभर खुर्चीवर बसून असतो, त्याला काय कष्ट! वस्तीवरचे एक आबा तर मला विचारायचे, ‘‘मास्तर, ह्या तारंतनं पानी बी येतं का वो?’’ मी म्हणायचो, ‘‘पाणी नाही आबा, पाण्याच्या बातम्या येतात.’’ ‘‘मंग त्येचा काय उपेग?’’ म्हणून ते हिरमुसून निघून जायचे.

उपयोग असा होता. कालवा काही ठिकाणी जमिनीत खोल जातो, ते सोपं. पण काही ठिकाणी जमीनच खाली उतरते. तिथं दोन्ही बाजूंनी मातीचे उंच भराव घालून पाणी वरच्यावर न्यावं लागतं. म्हणजे खाली शेतं, झोपड्या, गुरं, माणसं, आणि त्यांच्या डोक्याच्याही वर चाललेलं तुडुंब पाणी. मध्ये फक्त माती. त्या मातीत घुशी बिळं करतात, खेकडे करतात. सकाळी बोटाएवढं दिसणारं भोक दुपारी बैल जाईल एवढं होतं. नव्यानं लागलो तेव्हा पहिले काही महिने मी भरावाच्या खालच्या वाटेनं कधी गेलो नाही. पुढंही फारसा गेलो नाही म्हणा.

अशा वेळेसाठी कालव्याला ठिकठिकाणी मोठी लोखंडी दारं ठेवलेली असतात. पुढं भराव गळायला लागला, की अलीकडचं दार चाकानं वर उचलायचं आणि पाणी शेजारच्या ओढ्यात सोडून द्यायचं. कालव्यातली पातळी उतरते, भराव वाचतो. या दाराला इंग्रजीत ‘एस्केप’ म्हणतात. आमच्याकडं त्याचं ‘इस्काप’ झालं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई सुद्धा ‘इस्काप सुटलं, गुरं काढा’ असं म्हणायची. हा शब्द साहेबाच्या देशातून आला आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं. आमच्या टप्प्यात अशी दोन दारं होती. वरच्या अंगाला थोरलं इस्काप. त्याचा ओढा खोल, काटेरी, तिकडं चिटपाखरू फिरकत नसे. दार उघडायचं झालं तर नेहमी तेच उघडायचं. दुसरं धाकटं इस्काप. त्याचा ओढा माळवं, म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या वस्तीला खेटून जाई. बायकांचं धुणं, गुरांचं पाणी, सगळं तिथंच. ते दार उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आता शब्दांचं सांगतो, कारण ही सगळी कथाच एका शब्दाची आहे. बारामतीला आम्हाला इंग्रजी शिकवायला एक मास्तर होते. ते म्हणायचे, ‘‘शब्द एकटा पाठ करू नका रे. त्याचं लग्न कुणाशी लागलंय ते पाठ करा.’’ आणि फळ्यावर जोड्या लिहायचे. संकटातून माणूस वाचला, तर त्याला इंग्रजीत किती जोड्या! ‘क्लोज’ आणि ‘शेव्ह’. ‘हेअर्स’ आणि ‘ब्रेड्थ’. ‘लकी’ आणि ‘एस्केप’. आणि सगळ्यात सोज्ज्वळ जोडपं म्हणजे ‘नॅरो’ आणि ‘एस्केप’. एका पोरानं विचारलं, ‘‘मास्तर, नॅरो म्हणजे अरुंद. सुटका अरुंद कशी असेल?’’ मास्तर म्हणाले, ‘‘आपल्यात थोडक्यात बचावला म्हणतात. पुष्कळात बचावला असं म्हणतं का कुणी? गप पाठ कर.’’ आम्ही पाठ केलं.

त्याच शाळेतला वामनराव पुढं माझ्या खालच्या, इंदापूरकडच्या चौकीवर टेलिफोनला आला. त्याला या जोड्यांचं भारी वेड. संध्याकाळी तार मोकळी असली, की उगाच घंटा वाजवून मला एखादी नवी जोडी ऐकवायचा. खात्याचे सगळे निरोप इंग्रजीत द्यायचे असत, कारण वरचा साहेब गोरा. तार खरखरायची, म्हणून मधले बारीकसारीक शब्द गाळून फक्त मोठे शब्द ओरडून सांगायचे. एकदा मुकादमानं पोत्यांच्या थप्पीत हात घातला आणि आतून नाग निघाला. वामनरावानं निरोप दिला, ‘मुकादम क्लोज शेव्ह’. बारामतीच्या हेडक्लार्कनं उलट विचारलं, मुकादमाच्या हजामतीशी खात्याचा संबंध काय? महिनाभर आम्ही हसत होतो. मुकादमाला ‘गुळगुळीत’ असं नावच पडलं. बिचारा हसण्यावारी न्यायचा, पण त्यानंतर पोत्यांत हात घालायचा नाही, काठीनं ढोसायचा.

आमचे ओव्हरसियर म्हणजे बंगल्यावरचे आमचे वरिष्ठ. चौकी, त्यांचा बंगला आणि माझं बिऱ्हाड एकाच आवारात. करारी माणूस. कालव्याचा इंच न् इंच पाठ. नुसता पाण्याचा रंग बघून वर कुठं गुरं उतरली आहेत ते सांगायचे. त्यांचं इंग्रजी मात्र सगळं कालव्यावर शिकलेलं. बँक म्हणजे भराव, टेल म्हणजे कालव्याचं शेपूट, एस्केप म्हणजे दार. त्यापलीकडं इंग्रजी असतं, आणि त्यात माणसं बँकेत पैसे ठेवतात, याचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. त्यात चूक काहीच नाही. ज्याचं त्याचं इंग्रजी ज्याच्या त्याच्या पोटापुरतं.

ते वर्ष पावसानं डोळे वटारल्याचं. भाद्रपद सरत आला तरी ओढ्यांना पूर नाही, उसाला पाणी नाही, म्हणून कालवा काठोकाठ चालू ठेवलेला. पितृपंधरवडा संपत आला होता. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही आमच्याकडची रीत. एका दिवशी सगळी वस्ती ओढ्यावर लोटते. माझी बायको सुभद्रा सकाळीच आमच्या गोधड्यांचं गाठोडं घेऊन वस्तीवरच्या बायकांबरोबर गेली होती. जाताना म्हणाली, ‘‘भाकरी झाकून ठेवलीय. मला संध्याकाळ होईल.’’ मी मान सुद्धा वर केली नाही.

भर दुपारी घंटा झाली. वामनरावाचा आवाज चिरकलेला होता. ‘‘लीक बॅड!’’ तो ओरडला. मग नुसती खरखर. मग, ‘‘पाटकरी नॅरो एस्केप!’’ पाटकरी म्हणजे शेतकऱ्यांना पाळीनं पाणी सोडणारा आमचा माणूस. मी लिहून घेतलं, लीक बॅड, पाटकरी नॅरो एस्केप. गळती जोराची, एक पाटकरी मरता मरता वाचला, असा मी अर्थ लावला. चला, वाचला तर, असं वाटलं. चिठ्ठी ओव्हरसियरांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, एकदा खिडकीतून कालव्याकडं पाहिलं आणि मला बारामती लावायला सांगून तडक बाहेर पडले. बाहेर त्यांनी कुणाला काय हुकूम दिला, ते टेलिफोनच्या आरड्याओरड्यात मला ऐकू आलं नाही. घोड्यांच्या टापा तेवढ्या ऐकल्या, एक घोडा खाली गेला, एक वर.

बारामतीचा निरोप संपतोय तोच पुन्हा वामनराव. आता त्यानं इंग्रजी टाकून दिलं होतं. ‘‘अरे, दार उघडलं का नाही अजून? पाणी तसूभर उतरलं नाहीये. गेनबा परत भगदाडात उतरलाय!’’

‘‘कोण गेनबा?’’

‘‘अरे पाटकरी! मघाशी सांगितलं नाही का? भोकात पोती कोंबताना आतच ओढला गेला होता. पाय धरून बाहेर काढला. आता पुन्हा उतरलाय, त्याच्याशिवाय कुणाला तिथली माती कळत नाही. थोरलं इस्काप उघड म्हणावं त्यांना. लवकर!’’

त्याच्या आवाजात रडं होतं. ‘थोरलं’ हा शब्द ऐकला आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. का, ते आधी कळलं नाही. मी खिडकीतून आवारात लाकडं फोडणाऱ्या माणसाला विचारलं, ‘‘घोडा कुठं गेला रे?’’

‘‘शिपाई व्हय? धाकट्या इस्कापाकडं. साहेबांनीच धाडला. म्हन्ले, चिठ्ठीत नॅरो इस्काप लिवलंय, म्हंजी अरुंद दार. त्या वामनरावाचं विंग्रजी असंच म्हन्ले, नखऱ्याचं.’’

मी चिठ्ठी डोळ्यांपुढं आणली. पाटकरी, नॅरो, एस्केप. आता मला त्यात माणूस दिसेना, दारच दिसायला लागलं. पाटकरी म्हणतो, अरुंद दार उघडा. ओव्हरसियरांच्या जागी मी असतो तर मीही तेच वाचलं असतं. गळती खालच्या अंगाला आहे, धाकटं दार तिला जवळ आहे, जागेवरचा माणूस तेच मागतो आहे, सगळं कसं चोख जुळत होतं. आणि त्या दाराच्या खाली सगळी वस्ती गोधड्या धूत बसली होती.

कामावर असताना यंत्र सोडून उठायचं नाही, हा आमचा पहिला नियम. वामनराव तिकडून ‘हॅलो, हॅलो’ करत होता. मी ते तसंच टेबलावर टाकलं. ते लोंबकळत राहिलं की टेबलावर राहिलं, ते सुद्धा पाहिलं नाही.

कालव्याच्या काठाच्या वाटेनं सायकल दामटली. एका हाताला काठोकाठ पाणी, त्यावरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं. मी कालव्याकडं बघायचं टाळत होतो, पण नजर तिकडंच जायची, कारण पाणी उतरलंय की नाही हे त्यावरूनच कळणार. उतरलेलं नसू दे, असं मी मनात म्हणत होतो. आणि लगेच आठवायचं, की उतरलं नाही तर तिकडं तो माणूस बुडतो. मग काय मागावं तेच कळेना. देवाचं नाव घ्यायला गेलो, तर तोंडात शाळेतल्या जोड्या येत होत्या. भीती माणसाचं असं माकड करते. अर्ध्या वाटेत बाभळीच्या काट्यानं चाक बसलं. सायकल तिथंच टाकून पळत सुटलो. आणि पळता पळता काठाच्या मातीवर हातभर ओला पट्टा दिसला. पाणी उतरायला लागलं होतं.

धाकट्या इस्कापावर म्हातारा तात्या पहारेकरी होता. तो चाक फिरवून घामाघूम होऊन टेकला होता. शिपाई घोड्याला कालव्यावर पाणी पाजत होता. दाराखालून पाणी असं उसळत होतं, की बोलणं ऐकू येईना.

‘‘तात्या, बंद करा!’’

‘‘आँ? साहेबाचा हुकूम हाय मास्तर.’’

‘‘हुकूम चुकलाय. ओढ्यात बायका आहेत!’’

‘‘मी शिंग फुकलं की चांगलं तीन डाव! समद्या गेल्या असत्याल.’’

‘‘आज गोधड्या धुताहेत सगळ्या. बडवण्याच्या आवाजात शिंग कुणाला ऐकू जातंय?’’

तात्यानं ओढ्याकडं पाहिलं. मग तो हळू म्हणाला, ‘‘माजी सून गेलीया.’’ आणि उठून चाकाला भिडला. पण हात ठेवून तसाच थांबला आणि माझ्याकडं बघितलं. ‘‘मास्तर, आन भराव? हे लावलं तर तिकडं पानी चढंल न्हवं?’’

चढणार होतं. तिकडं भगदाडात एक माणूस कमरेएवढ्या चिखलात उभा होता, हे तात्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी गेनबाला एकदाच पाहिलं होतं, पगाराच्या दिवशी, पागोटं सारखं करत ओळीत उभा असलेला. मी तात्याला म्हणालो, ‘‘लावा दार.’’ शिपायाला म्हणालो, ‘‘थोरल्याकडं घोडा पळव, ते उघडायला लाव, जीव गेला तरी थांबू नको.’’ थोरलं दार तिथून लांब होतं. मधल्या वेळात गेनबाला कुठलंच दार नव्हतं. हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं, उगाच घाईत सुचलं नाही असं म्हणणार नाही. गेनबाचं नाव मात्र मी त्या दोघांपुढं घेतलं नाही. घेतलं असतं तर तात्याचा हात चाकावर चालला नसता.

मग ओढ्याच्या कडेनं धावलो. ओढा वळणावळणाचा, मी शेतातून सरळ. मध्येच ओढा जवळ आला की पाण्याचं तोंड दिसायचं. पुराचं पाणी मी वरून कितीदा पाहिलं असेल, डोहांपुरतं पाणी उरलेल्या ओढ्यात शिरणारा लोंढा शेजारून पाहिला नव्हता. ते पाणी मोठ्यानं येत नाही. पाचट, काटक्या, फेस, मेलेलं काहीबाही पुढं ढकलत चुपचाप सरकत येतं, आणि त्याच्या मागं उंची येते. एका वळणावर ते माझ्या मागं होतं, पुढच्या वळणावर बरोबरीला आलं. माझ्या छातीत भाते चालले होते. मेलो तरी चालेल, पण त्याच्या आधी पोचू दे, एवढंच मनात होतं.

धुण्याच्या जागेशी आलो तर काय सुरेख देखावा! खडकाखडकावर रंगीबेरंगी गोधड्या वाळत घातलेल्या. काठ्यांचा धपाधप आवाज. हसणं, गाणं. सुभद्रा ओढ्याच्या मध्यात गुडघाभर डोहात उभी होती आणि तिच्यासमोर वस्तीच्या बाजूच्या उंच खडकावर हौसाक्का, वस्तीतली सगळ्यांत वडीलधारी बाई. दोघी मिळून एका गोधडीला पीळ घालत होत्या. ओली गोधडी भारी जड, म्हणून सुभद्रानं आपल्याकडचं टोक मनगटाला गुंडाळून घेतलं होतं. मी अलीकडच्या काठावर, त्या सगळ्या पलीकडं.

‘‘पळा!’’ मी ओरडलो. ‘‘पाणी आलं, पळा!’’

सगळ्यांनी वर पाहिलं. मी बिनटोपीचा, धोतर सुटत आलेला, हात हलवतोय. एक तरुण पोरगी फिसकन हसली. ‘‘आली बगा, मास्तरांना बायकूची याद आली!’’ झालं, हसण्याची लाट उठली. ‘‘पानी आलं म्हनं! वड्यात पानीच असतंय मास्तर!’’ ‘‘जावा वो मास्तरीणबाई, भाकरी करून घाला जावा!’’ सुभद्रा लाजून खाली बघायला लागली. ती लाजली, आणि मला तिथल्या तिथं हंबरडा फोडावासा वाटला. आयुष्यात इतकं भयंकर मी काही ऐकलं नाही, ते हसणं.

पाणी या शब्दाला तिथं कुणी भीत नव्हतं. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘‘इस्काप सुटलंय!’’

हसणं कापल्यासारखं थांबलं. ‘‘इस्काप? धाकटं?’’ हौसाक्का ओरडली. ‘‘आगं चला, निगा, इस्काप सुटलं!’’ गोधड्या, काठ्या, घागरी टाकून सगळ्या वस्तीच्या बाजूला वर चढल्या. कुणी पोरांना बखोटीला धरून ओढलं. आणि वळणावरून ते आलं.

सुभद्रा पीळ सोडवत होती. पीळ ओला, घट्ट, मनगटाला आवळलेला. ती एका हातानं उलगडत होती आणि मी अलीकडून ओरडत होतो, ‘‘सोड, सोड!’’ पाण्यानं तिला डोहातून उचललं. ती खाली गेली. वर आली. गोधडी ताणली गेली आणि दुसऱ्या टोकाला हौसाक्का खडकावर फरफटत खाली आली, पण हात सोडेना. ‘‘धरा गं मला!’’ एकीनं तिची कंबर धरली, तिला दुसरीनं धरलं. मघाशी हसलेली पोरगी पोटावर पडून हौसाक्काचा पाय धरून राहिली. पाणी सुभद्राच्या गळ्याला, तोंडाला, कधी वर. मी काठावर उभा होतो. मला पोहता येत नाही. कालव्यावर आयुष्य गेलं, पण पोहता येत नाही. मध्ये वाहतं पाणी आणि मी अलीकडं, नुसतं तिचं नाव घेत. बाकी माझ्याच्यानं काही झालं नाही.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. मग तिचे खांदे दिसायला लागले. वर तात्या एकटा चाक फिरवत होता, इंचाइंचानं दार खाली येत होतं. खांदे, मग छाती. बायकांनी तिला गोधडीनंच ओढून खडकावर घेतली. तिनं पाणी ओकलं. मनगटावरचं कातडं सोललं होतं आणि पीळ तसाच होता. तो शेवटी विळ्यानं कापावा लागला.

मी लांबून, वरच्या खडकांवरून वळसा घालून पलीकडं गेलो. हौसाक्का रक्ताळलेल्या ढोपरांवर हात ठेवून बसली होती. तिनं विचारलं, ‘‘पानी कुनी सोडलं, मास्तर?’’

‘‘कुणी नाही. शब्दाची चूक झाली.’’

‘‘सबुद? कंचा?’’

‘‘इस्काप. तो इंग्रजी शब्द आहे हौसाक्का. त्यांच्यात त्याचा आणखी एक अर्थ होतो.’’

‘‘काय हुतो?’’

‘‘सुटका.’’

ती माझ्याकडं बघत राहिली. ‘‘कुनाची?’’ म्हणाली.

सुभद्रा थरथरत होती. वस्तीवरून बैलगाडी आणली आणि तिला घरी नेलं.

पुढं वरून लेखी हुकूम निघाला, की यापुढं निरोपात ‘एस्केप’ हा शब्द केवळ दारासाठी वापरावा, माणूस बचावल्यास ‘सेफ’ एवढंच कळवावं. वामनराव त्यानंतर जोड्या बोलायचा बंद झाला. ओव्हरसियर मला एक अक्षर रागावले नाहीत. पण त्या घोटाळ्यानंतर प्रत्येक चिठ्ठी ते मला मराठीतून मोठ्यानं वाचायला लावायचे. हे सगळं पुढचं.

त्या दिवशी दिवेलागण झाली तरी घंटा वाजली नव्हती. ओव्हरसियर भरावावरून परतले नव्हते. शिपाई थोरलं दार उघडल्याचं सांगून, सुभद्राचं ऐकून भरावाकडं गेला, पण दार वेळेवर उघडलं की उशिरा, ते त्याला काय ठाऊक. मी चौकीतलं यंत्र जागेवर ठेवलं होतं आणि तिकडं पाठ करून घरात सुभद्राच्या उशाशी बसलो होतो. घंटा वाजेल म्हणून जीव घाबरा व्हायचा आणि वाजत नाही म्हणून आणखी घाबरा. भराव फुटला असता तर आतापर्यंत कळलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. भराव वाचला म्हणजे माणूस वाचला असं नव्हे, हे मला चांगलं कळत होतं. स्वतः हँडल फिरवून विचारायचं तेवढं मी टाळत होतो.

सुभद्रानं बऱ्याच वेळानं डोळे उघडले. ‘‘काय झालं होतं हो आज?’’

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, शब्द, दार, तात्याला काय सांगितलं ते. तिनं बांधलेला हात पोटाशी घेतला आणि छताकडं बघत ऐकलं. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, ‘‘आणि तो?’’

‘‘कोण?’’

‘‘ज्याच्याबद्दल तो निरोप होता. तो पाटकरी. तो कसा आहे?’’

मी तिच्या हातावरची पट्टी सारखी करायला लागलो.

‘‘तुम्ही विचारलं नाहीत?’’

‘‘नाही.’’

‘‘विचारून या,’’ ती म्हणाली. ‘‘मी आहे इथं. जा तुम्ही.’’

आवारातून चौकीपर्यंतचं अंतर ते काय! पण मी दोनदा थांबलो. कंदील लावला. हँडलला हात लावला, काढला, पुन्हा लावला. फिरवलं. तिकडं वामनरावानं उचललं. मी म्हणालो, ‘‘वामनराव, गेनबा?’’

यंत्र कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग खरखर, पावलं, कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, ‘‘आरं असं न्हवं, उलटं धर. हिकडनं बोल.’’ मग जवळ एक दमलेला श्वास. आयुष्यात टेलिफोन हातात न धरलेल्या माणसाचा.

‘‘कोण आहे?’’ मी विचारलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. ‘‘गेनबा?’’

‘‘व्हय.’’

‘‘गेनबा, ते दार मी लावायला सांगितलं.’’

‘‘शिपायाकडनं कळलं मला. मधी पानी चढलं तवाच वळीखलं, कुनीतरी लावलं म्हनून.’’ तो खोकला. बराच वेळ खोकला. ‘‘मी हाय, मास्तर.’’

मी खुर्चीवर टेकलो. मग त्यानंच हळूच विचारलं, ‘‘बाई हायेत न्हवं?’’

‘‘हायेत,’’ मी म्हणालो.